तहसिलीचे गाव, पण गाव कुठे आहे?

या मालिकेत आपण आतापर्यंत बरीच तालुक्याची गावे फिरलो. आजचा भाग मात्र मी जिथे राहतो तिथलाच आहे. दिल्लीतले मयूर विहार. व्हिडिओत मी एक नकाशा समोर ठेवून बोलत होतो. पुस्तकात तो नकाशा शब्दांतच सांगावा लागेल, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

या भागाचे निमित्त आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णा वाई तालुक्यात तलाठी होते. नोकरी सुटून बरीच वर्षे झाली, पण गावाचे नाव कानावर पडले की त्यांचे तीन प्रश्न अजून ठरलेले असतात. क्षेत्र किती, गावठाण कुठे, लोकसंख्या किती. मी दिल्लीत घर घेतले तेव्हा त्यांनी फोनवर पहिल्यांदा हेच विचारले. किंमत नंतर विचारली. मी म्हणालो, "अण्णा, मयूर विहार ही कॉलनी आहे, गाव नाही." ते म्हणाले, "अरे, तुझ्या दाखल्यावर तहसील मयूर विहार लिहिलंय. तहसील असेल तर गाव असणारच. माणसं किती ते सांग."

मी शोधायला बसलो. तेव्हा कळले की या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. आजचा भाग म्हणजे ते उत्तर का नाही, याचीच हकिकत आहे.

आधी भूगोल. यमुना दिल्लीत उत्तरेकडून येते आणि शहराला पश्चिम-पूर्व असे कापून दक्षिणेला ओखल्याकडे जाते. पश्चिमेला लाल किल्ला, जुने शहर, नवी दिल्ली. पूर्वेला जे आहे त्याला दिल्लीकर नुसते 'जमनापार' म्हणतात. या शब्दात थोडी तुच्छता आहे, हे इथे राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात लक्षात येते. नदीपासून पूर्वेला निघालात तर दहा-बारा किलोमीटरवर दुसरी नदी लागते, हिंडन. ही पुढे दक्षिणेला जाऊन यमुनेलाच मिळते. म्हणजे आम्ही राहतो ती दोन नद्यांमधली एक चिंचोळी पट्टी. गंगा-यमुनेच्या दुआबाचे हे अगदी पश्चिमेचे टोक.

या पट्टीचे दोन भाग पडतात आणि दोघांची नावे महसुली दप्तरात आजही जिवंत आहेत : खादर आणि बांगर. खादर म्हणजे नदीलगतची सखल जमीन. दर पावसाळ्यात पाणी येणार, गाळ टाकून जाणार. आपल्याकडे जिला गाळपेर म्हणतात तिची ही मोठी बहीण. बांगर म्हणजे त्याच्या वरची जुन्या गाळाची उंच जमीन, जिथे पाणी सहसा पोहोचत नाही आणि म्हणून गाव वसते. मयूर विहारला लागून चिल्ला नावाचे गाव आहे. त्याच्या शिवाराची दप्तरातली नावे आहेत चिल्ला सरोदा बांगर आणि चिल्ला सरोदा खादर. एकाच गावाची दोन नावे, एक कोरड्या पायाचे, एक ओल्या पायाचे. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा ते खूश झाले. "मग तिथला पटवारी शहाणा होता," म्हणाले.

शेजारच्या पटपडगंजचे नावही असेच मातीतून आलेले. हिंदी कोशात 'पटपर' या शब्दाचे अर्थ सापडतात ते असे : सपाट जमीन, आणि नदीकाठची पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी जमीन. गंज म्हणजे पेठ. म्हणजे नदीकाठच्या सपाटीवरची पेठ. आज पटपडगंज म्हटले की लोकांना उंच सोसायट्या आठवतात. आपल्याला, मराठी माणसांना, दुसरे काही आठवायला हवे. ते सहसा आठवत नाही.

११ सप्टेंबर १८०३. इंग्रजांच्या इतिहासात याला 'दिल्लीची लढाई' म्हणतात, इथल्या पुस्तकांत 'पटपडगंजची लढाई'. आपल्याकडे शाळेत असई शिकवतात, क्वचित लासवारी. पटपडगंज वगळले जाते. असईची लढाई २३ सप्टेंबरची, म्हणजे तिच्या बारा दिवस आधी उत्तरेत दौलतराव शिंद्यांच्या हातून दिल्ली गेलेली होती.

थोडे मागे जाऊ. मराठी फौजांनी ही पूर्वेची बाजू त्याआधीही पाहिली होती. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ दिल्लीत आणि अब्दाली यमुनेच्या या बाजूला दुआबात, मध्ये दुथडी भरलेली नदी, अशी स्थिती होती. नदी कुणालाच ओलांडता येईना. ऑक्टोबरअखेर अब्दाली उत्तरेला बागपतजवळ उतरून पलीकडे गेला आणि पानिपताचा रस्ता उघडला. पानिपतात काय चुकले यावर आपण अडीचशे वर्षे भांडतो आहोत. माझ्या मते त्या भांडणात यमुनेच्या उताराला द्यावे तितके महत्त्व कुणी देत नाही. असो.

फेब्रुवारी १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये शाहआलम बादशहा राजधानीत परतला. १७८४ मध्ये महादजींना वकील-इ-मुतलक हे पद मिळाले. या काळात महादजींनी दि बॉयन या सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या केल्या, ज्यांना आपल्या कागदांत 'कंपू' म्हणतात. या कंपूंचा खर्च कुठून यायचा? दुआबातल्या महसुलातून. म्हणजे वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात नाना फडणवीस कागद वाचत बसले होते, त्या कागदांत ज्या 'अंतर्वेदी'चा उल्लेख यायचा ती अंतर्वेदी म्हणजे ही जमीन. गंगा-यमुनेच्या मधली. मी रोज भाजी आणायला जातो ती.

१८०३ साली इंग्रजांशी युद्ध पेटले. जनरल लेकने ४ सप्टेंबरला अलीगड घेतले. शिंद्यांचा मुख्य फ्रेंच सरदार पेराँ नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. उरला लुई बुर्कँ. त्याच्याबद्दल असे सांगतात की तो हिंदुस्थानात आधी आचारी आणि आतषबाजीवाला होता. खरे असो नसो, त्याच्याकडे तोफा होत्या, हजारोंची कवायती फौज होती, आणि जागा त्याने चांगली निवडली होती. दोन्ही बगलांना दलदल, समोर तोफांची रांग. खादर-बांगरच्या या प्रदेशात सप्टेंबरात दलदल शोधावी लागत नाही. लेकचे साडेचार हजारांच्या आसपासचे सैन्य लांबची मजल मारून हिंडनपाशी पोहोचले, उन्हाने पार वाळलेले. तंबू ठोकले जात होते तेवढ्यात समोर मराठी फौज असल्याचे कळले.

लेकने घोडदळ पुढे केले आणि मग मागे घेतले. बुर्कँच्या लोकांना वाटले शत्रू पळतो आहे. ते आपली पक्की जागा सोडून पुढे आले. मागे हटणारे घोडदळ बाजूला झाले आणि मागून पायदळ संगिनी लावून चालून आले. दलदलीने दिलेले संरक्षण एका तासात वाया गेले. इंग्रजांची चारशेच्या वर माणसे मेली वा जखमी झाली, शिंद्यांची हजारोंनी. ६८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. पळणारे पश्चिमेला, यमुनेकडे धावले. खादर ओलांडून. म्हणजे आज जिथे नोएडा लिंक रोडवर संध्याकाळी गाड्या खोळंबून उभ्या असतात, त्या दिशेने. अनेकांचा शेवट नदीकाठीच झाला. १६ सप्टेंबरला लेक लाल किल्ल्यात शाहआलमसमोर उभा होता, आणि ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहात दौलतरावांनी दुआबावरचा हक्क सोडला.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. या लढाईत मेलेले बहुसंख्य शिपाई मराठी बोलणारे नव्हते. कंपूंमध्ये याच उत्तर हिंदुस्थानातली माणसे होती, अवधची, दुआबाची. 'मराठ्यांचा पराभव' म्हणताना आपण झेंडा पाहतो, माणसे पाहत नाही. आणि त्यांची मोजदाद झालीच असेल तर तोफांच्या मानाने फार ढोबळ झाली. तोफा मात्र एकेक करून मोजल्या : अडुसष्ट.

या लढाईचे स्मारक आहे. १९१६ साली इंग्रजांनी एक स्तंभ उभारला. तो आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात आहे, आमच्या घरापासून तीनचार किलोमीटरवर. आजूबाजूच्या गावांतले लोक त्याला जीतगड म्हणत. जीत कुणाची, हे विचारायच्या भानगडीत पडू नका.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गावे दिल्लीची नव्हतीच. ती संयुक्त प्रांतात, मेरठ जिल्ह्याच्या गाझियाबाद तहसिलीत होती. १२ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची घोषणा केली. १ ऑक्टोबर १९१२ ला दिल्ली हा स्वतंत्र प्रांत झाला. पण तेव्हाही तो नदीच्या पश्चिमेलाच होता. १९१५ साली गाझियाबाद तहसिलीतली ६५ गावे काढून दिल्ली प्रांताला जोडली गेली. जमनापारची दिल्ली त्या दिवशी जन्माला आली. एका रात्रीत या गावांतल्या शेतकऱ्याचे कोर्ट, कचेरी, जिल्हा, प्रांत सगळे बदलले. नांगर तोच, शेत तेच.

अण्णांचा दुसरा प्रश्न गावठाणाचा होता. दिल्लीत त्याला लाल डोरा म्हणतात. १९०८ च्या सुमारास महसूल खात्याने नकाशावर गावाच्या वस्तीभोवती लाल शाईने रेघ ओढली. रेघेच्या आत घरे, गोठे, बाहेर शेती. शेतावर सारा लागणार, आतल्या वस्तीवर नाही, एवढाच हेतू. पुढे शेती संपादित झाली, त्यावर कॉलन्या आल्या, पण लाल रेघ तशीच राहिली. रेघेच्या आत बांधकामाचे नियम सैल. त्यामुळे चिल्ला, कोटला, पटपडगंज, कोंडली, घरोली, दल्लूपुरा ही गावे आडवी वाढू शकली नाहीत ती उभी वाढली. चार फुटांची गल्ली आणि पाच मजली घर. वरच्या मजल्यांवर बिहार, पूर्वांचल, बंगाल, उत्तराखंडातून आलेले भाडेकरू. दल्लूपुरा हे नाव ऐकून तुम्हाला पाचपन्नास उंबऱ्यांची वस्ती वाटेल, जनगणनेत तिथली माणसे लाखाच्या वर भरली. अण्णांची वाई, जिला घाट आहे, पेठ आहे, कृष्णा आहे, ढोल्या गणपती आहे, ती २०११ साली छत्तीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे इथल्या एका 'गावात' तालुक्याच्या तीन वाया मावतात.

आता मयूर विहार. हे नाव कुठल्याही जुन्या गावाचे नाही. दिल्ली विकास प्राधिकरण १९५७ मध्ये स्थापन झाले, १९६२ मध्ये शहराचा पहिला आराखडा आला. पण नदीपलीकडची ही बाजू खरी भरू लागली ती सत्तरच्या दशकात, आणि तिची सुरुवात सुंदर नाही.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांत दिल्लीच्या मध्यभागातल्या झोपड्या पाडून सुमारे सात लाख माणसे शहराच्या कडेला नेऊन टाकली गेली. 'टाकली' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आमच्या शेजारच्या त्रिलोकपुरी, कल्याणपुरी, खिचडीपुर या त्याच वसाहती. ट्रकमधून माणसे उतरवली, पंचवीस चौरस यार्डांच्या आसपासचे भूखंड आखून दिले, वस्तीला गल्ल्यांऐवजी ब्लॉकचे क्रमांक दिले. यमुनापारच्याच वेलकम या वसाहतीत एमा टार्लो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कागदपत्रे तपासली. नसबंदीचा दाखला आणि भूखंडाचा हक्क यांची सांगड कशी घातली गेली, हे त्यांनी दाखवून दिले आहे. लोकसंख्या हा विषय इतक्या उघडपणे जमिनीशी बांधलेला क्वचितच सापडेल.

आणि त्याच आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सीमेपलीकडे उत्तर प्रदेशात नोएडा स्थापन झाले. एका बाजूला गरिबांना शहराबाहेर काढणारी वसाहत, दुसऱ्या बाजूला कारखान्यांना शहराबाहेर बोलावणारे नवे नगर. मधल्या मोकळ्या पट्टीवर ऐंशीच्या दशकात प्राधिकरणाच्या सदनिका आणि सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. तेच मयूर विहार. फेज १ नदीकडे, फेज ३ तर पार कोंडली-घरोलीच्या पलीकडे.

सहकारी संस्था व्यवसायानुसार झाल्या. पत्रकारांची समाचार अपार्टमेंट, कलावंतांची कला विहार. हिंदीतल्या मोठ्या लेखिका कृष्णा सोबती इथेच राहायच्या. त्या फाळणीत आपले पंजाबातले गाव मागे टाकून आलेल्या. केरळी मंडळी इतकी की फेज १ मध्ये गुरुवायूरप्पनचे देऊळ आहे आणि पहाटे तिथे गेलात तर दिल्लीत आहोत हे विसरायला होते. मराठी घरे विखुरलेली. एकमेकांना ओळखतात ती बहुधा गणपतीत किंवा चकलीच्या भाजणीची चौकशी करताना.

या सदनिकांत राहणाऱ्यांची एक सवय मला कधीच पटली नाही. ते पत्ता सांगताना त्रिलोकपुरीचे नाव घेत नाहीत. रस्त्याच्या एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला ती, तरी खूण म्हणून दूरचा मॉल सांगतील. याला एक कारण १९८४ आहे. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली. पुढच्या दोन-तीन दिवसांत त्रिलोकपुरीच्या ३२ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये आणि आसपास शेकडो शीख मारले गेले. २ नोव्हेंबरला इंडियन एक्स्प्रेसचे वार्ताहर तिथे पोहोचले तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. नंतर विधवा आणि मुले पश्चिम दिल्लीत टिळक विहारला हलवली गेली. आठ वर्षांपूर्वी ज्यांना ट्रकमधून आणून उतरवले होते त्यांतले काही पुन्हा ट्रकमध्ये. जनगणनेच्या तक्त्यात याला स्थलांतर म्हणतात.

मेट्रोची गोष्ट सांगतो आणि आकड्यांकडे येतो. १२ नोव्हेंबर २००९ ला नोएडाकडे जाणारी मेट्रो सुरू झाली आणि मयूर विहार खरोखर दिल्लीला जोडले गेले. पुढे पिंक लाइन आली. २०१८ अखेरीस ती दोन्ही बाजूंनी सुरू झाली, पण मयूर विहार पॉकेट १ आणि त्रिलोकपुरी या दोन स्थानकांमध्ये तीनशे मीटरच्या आसपासचा एक तुकडा राहून गेला. कारण तिथे सुमारे शंभर घरे होती आणि त्यांचे पुनर्वसन अडलेले होते. जवळजवळ तीन वर्षे गाडी इकडून यायची ती इथे थांबायची, तिकडून यायची ती तिथे थांबायची. ६ ऑगस्ट २०२१ ला तुकडा जोडला गेला. त्या तीन वर्षांत आमच्या सोसायटीत बहुतेकांनी अडणाऱ्या घरांना शिव्या दिल्या. मीही एकदोनदा दिल्या असतील. ती माणसे १९७६ पासून तिथे होती, मी त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी आलो.

आता अण्णांचा तिसरा प्रश्न, लोकसंख्या.

२०११ च्या जनगणनेत पूर्व दिल्ली जिल्ह्यात १७,०९,३४६ माणसे मोजली गेली. क्षेत्र ६३ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरला २७,१३२. त्याच वर्षी महाराष्ट्राची घनता ३६५ होती. सिंधुदुर्ग जिल्ह्याची सगळी लोकसंख्या ८,४९,६५१, ती पाच हजारांहून जास्त चौरस किलोमीटरमध्ये पसरलेली. आमच्या ६३ चौरस किलोमीटरमध्ये दोन सिंधुदुर्ग बसतात, आणि समुद्रकिनारा नाही.

पण हा जिल्ह्याचा आकडा झाला. तहसिलीचा? २०११ साली पूर्व दिल्लीत तीन तहसिली होत्या : गांधी नगर, विवेक विहार, प्रीत विहार. मयूर विहार नावाची तहसील तेव्हा अस्तित्वात नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये दिल्लीचे नऊचे अकरा जिल्हे झाले, शाहदरा वेगळा जिल्हा झाला, सीमा बदलल्या, आणि पूर्व जिल्ह्यात गांधी नगर, प्रीत विहार आणि मयूर विहार असे उपविभाग आले. म्हणजे जनगणना झाली आणि मग पुढच्या वर्षी तहसील जन्मली. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती. ती कोविडमुळे पुढे ढकलली गेली आणि २०२४ सालापर्यंत झालेली नव्हती. आमच्या तहसिलीची माणसे, तहसील म्हणून, तोपर्यंत एकदाही मोजली गेलेली नव्हती.

तलाठ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट फार विचित्र वाटते. आपल्याकडे तालुका म्हटले की गावांची यादी, क्षेत्र, खातेदार, पीकपाहणी. इथे शेती नाही. दिल्ली महानगरपालिका कायद्याच्या कलम ५०७ खाली एखादे गाव 'शहरी' जाहीर झाले की त्याचा ग्रामीण दर्जा जातो आणि शेतजमिनीचा जुना कायदा तिथून निघून जातो. तहसील उरते ती दाखल्यांपुरती. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, लग्नाच्या नोंदीचा. आणि पूर आला की मदतीपुरती.

पूर आला. जुलै २०२३. यमुनेची धोक्याची पातळी जुन्या लोखंडी पुलापाशी २०५.३३ मीटर धरतात. ६ सप्टेंबर १९७८ ला पाणी २०७.४९ वर गेले होते. पंचेचाळीस वर्षे तोच विक्रम होता, म्हातारी माणसे त्यावरून वर्षे सांगायची. १३ जुलै २०२३ ला पाणी २०८.६६ मीटरवर गेले. आमच्या सोसायटीत पाणी आले नाही. नदी आणि आमच्यामध्ये पुश्ता आहे, म्हणजे मातीचा उंच बांध. पुश्त्याच्या आत, नदीच्या बाजूला, खादरमध्ये राहणारे मात्र बांधाच्या चुकीच्या बाजूला होते. भाजी पिकवणारे, रोपवाटिका चालवणारे, कबाड गोळा करणारे. ते सगळे वर रस्त्यावर आले. आमच्या मेट्रो स्थानकाखाली, हमरस्त्याच्या कडेला, निळ्या-पांढऱ्या तंबूंची रांग लागली. म्हशी, शेळ्या, गॅसची शेगडी, शाळेची दप्तरे.

दिल्ली सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला दहा हजार रुपये जाहीर केले. कुटुंब म्हणजे कोण? ज्याच्याकडे कागद आहे ते. खादरमध्ये घर क्रमांक नाहीत. ती जमीन शहराच्या आराखड्यात नदीचा पट्टा म्हणून राखलेली आहे, आणि जानेवारी २०१५ च्या हरित लवादाच्या निकालानंतर तिथली वस्ती हटवण्याची मोहीम अधूनमधून चालते. नदीसाठी तो पट्टा मोकळा हवा, हे मला पटते. पण याच पट्ट्यावर अक्षरधामचे देऊळ २००५ मध्ये आणि राष्ट्रकुल खेळांचे क्रीडाग्राम २०१० मध्ये उभे राहिले, आणि तिथल्या फ्लॅटला घर क्रमांक आहे.

त्या वर्षी थंडीत अण्णा आले. नोव्हेंबरचा धूर ओसरल्यावर मी त्यांना पुश्त्यावर फिरायला नेले. खाली खादर हिरवेगार होते. मुळा, पालक, फ्लॉवर. पुराने टाकलेल्या नव्या गाळात पीक जोरात होते. अण्णा काठी टेकत खाली उतरले, चिमूटभर माती बोटांवर चोळून पाहिली. "अव्वल गाळपेर," म्हणाले. "सारा कुणाच्या नावावर?"

मुळ्याच्या जुड्या बांधत एक बाई बसल्या होत्या. बदायूंकडच्या. मी दुभाष्या झालो. किती वर्षे? वीस. घरात माणसे किती? सात. पुरानंतर यादीत नाव आले का? दोघांचे आले, म्हणाल्या. ज्या दोघांची मतदार कार्डे प्लास्टिकच्या पिशवीत होती त्यांचे. बाकीचे कागद वाहून गेले.

अण्णांनी बराच वेळ काही विचारले नाही. मग परत वर चढताना मला सांगू लागले. सत्तरच्या दशकात धोम धरणाचे काम चालू होते, ते नुकते नोकरीला लागले होते. बुडणाऱ्या गावांतल्या खातेदारांच्या याद्या करायच्या होत्या. साहेबांचा हुकूम, ज्याच्या नावावर सातबारा तो धरणग्रस्त. एका वाडीत वाट्याने शेती करणारा एक म्हातारा होता, तीन पिढ्या तिथेच, नावावर गुंठाही नाही. तो रोज कचेरीच्या पायरीवर येऊन बसे. काही मागत नसे, नुसता बसे. "मी त्याचं नाव नाही लिहिलं," अण्णा म्हणाले. "रकानाच नव्हता."

घरी आल्यावर त्यांनी वही काढली. त्यांची सवय आहे, नवीन गाव पाहिले की नोंद करायची. तहसील मयूर विहार, जिल्हा पूर्व दिल्ली. जमीन : बांगर व खादर. नदी : यमुना, हिंडन. जुनी लढाई : १८०३. लोकसंख्येपुढे त्यांनी पेन थांबवले, मला विचारले, मी मघाशी तुम्हाला सांगितले तेच सांगितले. त्यांनी ती ओळ कोरी सोडली आणि खाली लिहिले, "खादर, मुळ्याचे शेत : ७."

पुढच्या भागात आपण नदीकाठानेच उत्तरेला, बुराडी घाटावर जाणार आहोत. जानेवारी १७६० मध्ये दत्ताजी शिंदे जिथे पडले तिथे. तिथलेही खादर आता बरेच भरले आहे.